उताणी काच

शनिवारी सकाळी दहाला सेवा क्लबच्या मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर पांढरी चादर अंथरली जायची आणि तिच्यावर चष्मे मांडले जायचे. काड्या मिटलेल्या, तोंडं खिडकीकडे. खिडकीकडेच का, असं कुणी विचारलं तर भिंगमावशी म्हणायच्या, उजेडात काचेवरचे ओरखडे दिसतात. खरं कारण वेगळं होतं. तोंडं आपल्याकडे करून ठेवली की दोन-अडीचशे माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटायचं, आणि त्यातली बरीचशी माणसं आता काही बघायला उरलेली नव्हती.

क्लबचं वर्षभर काही ना काही चाललेलं असायचं. रक्तदान असायचं, चाकाच्या खुर्च्या गरजूंना वापरायला देणं असायचं, रस्त्याकडेला रोपं लावणं आणि त्यातली निम्मी जगली की एकमेकांसाठी टाळ्या वाजवणं असायचं. पण सगळ्यांचा जीव होता तो चष्म्यांच्या शिबिरात. बस, डोळ्यांचे डॉक्टर, आलेल्यांचं जेवण, हा सगळा खर्च निघावा म्हणून सभासद दरवर्षी स्वतः नाटक बसवत. सेक्रेटरी, म्हणजे एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, दरवर्षी त्यात न्यायाधीश होत आणि दरवर्षी तिसऱ्या अंकात निकाल विसरत. लोक तिकीट काढायचे ते तो क्षण बघायला. एका वर्षी त्यांनी निकाल घोकून घोकून बिनचूक म्हटला, तर मागच्या रांगेतून कुणीतरी तिकिटाचे पैसे परत मागितले.

चष्मे यायचे पिवळ्या पेट्यांतून. वाचनालयात एक पेटी, बँकेत एक, औषधाच्या दुकानात एक. 'तुम्हाला नको असलेला चष्मा इथे टाका' असं वर लिहिलेलं असूनही लोक त्यात कवळ्या टाकायचे, किल्ल्या टाकायचे, एकदा कुणीतरी चालू घड्याळ टाकलं होतं. कधी चष्म्याभोवती कागद गुंडाळलेला असायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'वडिलांचा आहे. जपून वापरावा.' ते कागद काय करायचे ते कुणालाच कळत नसे. मावशींनी ते एका खोक्यात ठेवले होते.

धुवायचं काम निवृत्त पोस्टमनकाकांचं. साबणाच्या कोमट पाण्यात चष्मा बुडवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने नाकाजवळच्या खाचा घासायच्या, मऊ फडक्याने पुसून मावशींच्या पुढ्यात ठेवायचा. "पत्ता नसलेलं टपाल," ते म्हणायचे. "जन्मभर पत्ता वाचून माणूस शोधला. आता माणूस आधी येणार आणि मग टपाल शोधायचं."

मावशी चष्म्याची एकेक काच यंत्राच्या नळीवर टेकवत आणि वरून डोळा लावत. आत हिरव्या रेषा दिसतात. त्या रेखीव होईपर्यंत चाक फिरवायचं, नंबर वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी दोऱ्याने काडीला बांधायची. शिबिरात ज्याचा नंबर जुळेल त्याचा तो चष्मा. क्लबचे नियम दोनच होते. न मोजता एकही चष्मा पुढे जाणार नाही. आणि पेटीतून निघालेला चष्मा कुणीही घरी नेणार नाही. हा दुसरा नियम मागाहून आला. एका सभासदाने सोनेरी फ्रेमचा चष्मा "जरा काडी सरळ करून आणतो" म्हणून नेला, तो पुढच्या बैठकीत त्यांच्याच नाकावर बसून आला.

तिसरी गोष्ट नियम नव्हती, मावशींची सवय होती. चिठ्ठी बांधण्याआधी त्या प्रत्येक चष्मा एकदा स्वतःच्या डोळ्यांवर चढवत आणि खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत. काही काचांतून टाकी पुढ्यात यायची, काहींतून विरघळून आभाळात मिसळायची. हे असं कुणीतरी वर्षानुवर्षं बघितलं होतं. एखाद्या काडीच्या टोकाला दातांचे ठसे असत. शब्दकोडं सोडवताना चावलेली असणार. एखादी डावी काडी उजवीपेक्षा वर गेलेली असे. कुणीतरी कायम डाव्या कुशीवर वाचत पडत होतं. मावशी दोन श्वास तसंच बघायच्या, मग चष्मा उतरवायच्या. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरून लगेच बाहेर आल्यासारखं त्यांना वाटायचं.

हे काम त्यांच्याकडे आलं त्याला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या चष्म्याच्या दुकानात झाडायला-पुसायला लागल्या आणि वर्षभरात मालकांनी त्यांना मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. पुढे मालक गोड बोलत, मागे मावशी दगडाच्या चाकावर काच धरून बसत. चौतीस वर्षं. त्यांच्या बोटांच्या टोकांवरच्या रेघा घासून गेल्या होत्या, सरकारी कचेरीत अंगठा उठेना म्हणून तिथला कारकून एकदा म्हणाला होता, "मावशी, तुम्ही आहात ना नक्की?" मालक गेल्यावर त्यांच्या मुलाने दुकान विकलं आणि विचारलं, तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ. मावशींनी नंबर मोजायचं यंत्र मागितलं. त्याला वाटलं होतं, त्या मिक्सर मागतील.

आता उताणी काच म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते मागच्या खोलीबाहेर कुणाला माहीत नसतं. काही डोळ्यांना नुसता नंबर पुरत नाही. तो काचेत एका ठरावीक कोनात बसवावा लागतो. त्यासाठी काच यंत्रावर ठेवून शाईचे तीन ठिपके मारतात आणि ते ठिपके धरून काच कापतात. घाईत काच उलट्या तोंडाने ठेवली गेली, तर ठिपके आरशात बघितल्यासारखे पडतात. तीस अंशांचे दीडशे होतात. काच तीच, नंबर तोच, दिसायला काही फरक नाही. घालणाऱ्याला मात्र जमीन कललेली दिसते. ही चूक बाहेरच्या माणसाच्या हातून होऊच शकत नाही, कारण त्याला मुळात काच धरता येत नाही. ती होते हात सरावलेल्याच्या हातून. म्हणून दुकानात शिस्त होती की एकाने कापलेली काच दुसऱ्याने मोजल्याशिवाय डबीत जायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी याच क्लबने शाळेतल्या ऐंशी मुलांचे चष्मे करायला दिले होते. रविवारी वाटप होतं. आठवडाभर मावशींनी मान वर केली नव्हती. ताईच्याही चष्म्याचा नंबर त्याच सुमाराला बदलला होता. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. भाऊजी लवकर गेले, तेव्हापासून ताई, तिची लेक चिमी आणि मावशी असं तिघींचं घर होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. शनिवारी दुपारी ऐंशी चष्मे हातावेगळे झाल्यावर मावशींनी ताईचा केला. मोजायला दुसरं कुणी नव्हतं. स्वतः मोजायचा तर यंत्रावर झाकण घालून झालं होतं. घरचाच तर आहे, असं म्हणून त्यांनी तो लाल डबीत ठेवला आणि डबी पिशवीत टाकली.

"जमीन कलते गं, धाकटे," ताई दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"सवय होईल. चार दिवस घाल."

हे वाक्य मालकांचं होतं. नवा चष्मा नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगत आणि दहातल्या नऊ जणांना खरोखरच सवय होई. मावशींच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की चप्पल टोचते म्हणून सांगणाऱ्यालाही त्या तेच म्हणत. ताईने चार दिवस घातला. मग आणखी चार. अकराव्या दिवशी सकाळी भाजी आणायला निघाली आणि जिन्याच्या वळणावरून खाली गेली. दवाखान्यात दोन दिवस होती.

लोकांनी कारणं दिली. तिचे गुडघे दुखत होते. जिना नुकताच पुसला होता. हातात पिशव्या होत्या. मावशींनी प्रत्येक कारणाला मान डोलावली. चष्मा चौथ्या पायरीवर सापडला होता, काड्या मिटून कुणीतरी ठेवल्यासारखा. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. मावशींनी तो लाल डबीत घातला आणि डबी कपाटात चादरींच्या खाली सारली.

त्यानंतर दुकान गेलं, क्लब आला, आणि मावशींनी हजारो अनोळखी माणसांचे चष्मे मोजले. तो एक मोजला नाही. न मोजलेल्या चष्म्याचं कसं असतं, तो बरोबरही असतो आणि चूकही असतो. चादर काढताना हात डबीला लागला की त्या वरची चादर ओढायच्या, मग ती धुतलेली असो वा नसो. जिना उतरताना वळणापाशी आल्या की आधी डाव्या पायाने पायरी चाचपायच्या. मागून ताई उतरते आहे असं वाटायचं. थांबलं की तीही थांबायची.

त्या शनिवारी मावशींच्या पुढ्यात एकशे सदुसष्ट चष्मे होते. शिबिराला आठ दिवस राहिले होते. पोस्टमनकाकांनी एक तपकिरी चौकोनी फ्रेम फडक्यात फिरवून टेबलावर ठेवली.

"हा बघा. आरसा केलाय नुसता."

मावशींनी हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. उजव्या काडीच्या बिजागरीत पितळेचा स्क्रू होता. मूळचा स्क्रू घरंगळून चाकाखाली गेला होता, तेव्हा खोक्यात सापडला तो त्यांनी बसवला होता. बाकी सगळी फ्रेम तपकिरी आणि तेवढा एक ठिपका पिवळा.

"कुठल्या पेटीतला हो हा?"

"औषधाच्या दुकानातल्या. का? ओळखीचा आहे?"

"नाही. फ्रेम जुनी आहे."

त्या टबाकडे बघत होत्या. पाणी गढूळ झालं होतं. नाकाजवळच्या खाचांत ताईच्या पावडरीचा पांढुरका थर असायचा, तो आता त्या पाण्यात होता, आणखी शंभर जणांच्या बरोबर. औषधाच्या दुकानात चिमी नोकरीला होती.

त्यांनी तो चष्मा ओळीच्या शेवटी सरकवला. पुढचा घेतला, मोजला, बांधला. ओळ लहान होत गेली. एरवी त्या मधे चहाला उठत; आज उठल्या नाहीत, कारण उठून आलं की ओळ किती उरली ते दिसतं. शेवटी चादरीवर एकच चष्मा राहिला. सेक्रेटरी चिठ्ठ्यांचा दोरा आणि कात्री आवरायला आले.

"संपलं वाटतं. हा राहिला की एक."

"पुढच्या वेळी बघते."

"अहो, एक चष्मा तर आहे. मिनिटाचं काम."

"यंत्र तापलंय."

सेक्रेटरींनी यंत्राला हात लावून बघितला. शाळेत चाळीस वर्षं पोटदुखीची कारणं ऐकलेला माणूस. "यंत्र थंड आहे," ते म्हणाले. "तुम्ही तापला असाल. जा घरी, पडा जरा. पण शिबिराच्या आधी मोजा बरं का, नियम तुमचाच आहे."

घरी चिमी वाळलेले कपडे घेऊन पलंगावर बसली होती. शनिवारी तिची अर्धी सुट्टी. एकतीस वर्षांची झाली होती, पण कपड्यांची घडी अजून आईसारखीच घालायची, हनुवटीखाली दाबून.

"लाल डबी कुठे आहे?" मावशींनी चप्पल काढता काढता विचारलं.

"कपाटात. होती तिथेच."

"आणि आतलं?"

"आतलं तू आज बघितलंस, म्हणून तर विचारतेयस."

मावशी खुर्चीवर बसल्या. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. मग मी गप्प बसले असते. मग तू गप्प बसली असतीस. नऊ वर्षं आपलं हेच चाललंय, दुसरं काय." चिमीने एक परकर झटकला. "सगळ्या जगाचे चष्मे मोजतेस, मावशी. आईचाच तेवढा नाही."

"कशाला मोजायचा? घालणारी…"

"मला पण म्हणाली होती ती."

मावशींनी तिच्याकडे बघितलं.

"पडायच्या दोन दिवस आधी. म्हणाली, चिमे, पायरी आहे तिथे दिसत नाही गं. माझी परीक्षा होती. मी पुस्तकातून मान पण वर नाही काढली. म्हटलं, मावशीनं केलाय ना? मग चष्मा बरोबरच असणार, तुझेच डोळे नखरे करताहेत." चिमीने घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "ते नखरे ऐकू येतात मला. अजून. माझ्याच आवाजात."

खाली कुणीतरी जिना चढत होतं. दोघी पावलं मोजल्यासारख्या ऐकत राहिल्या. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली.

"मोजलास का आज?"

"नाही."

"मग मोज."

"आणि मोजल्यावर काय, चिमे?"

"ते मला काय माहीत? मी विचारणार नाही, काय निघालं म्हणून. सांगावंसं वाटलं तर सांग." कपड्यांचा गठ्ठा उचलून ती आतल्या खोलीत गेली.

सोमवारी दुपारी मावशींनी सेक्रेटरींकडून किल्ली आणली आणि क्लबची मागची खोली उघडली. चादर अंथरली नाही. टेबलाचं लाकूड त्यांनी पहिल्यांदाच उघडं बघितलं. आधी ज्याचा नंबर पाठ होता असा स्वतःचा चष्मा मोजला, यंत्र खरं बोलतंय ना ते बघायला. यंत्र खरं बोलत होतं.

मग ताईचा घेतला. उजवी काच बरोबर. मावशींनी पदराने हात पुसले. डावी काच नळीवर टेकवली, चाक फिरवलं. नंबर बरोबर. आता कोन. हिरव्या रेषा धूसर होत्या, फाटल्यासारख्या. ताईच्या डाव्या डोळ्याचा कोन तीस, तो त्यांना स्वतःच्या वयासारखा ठाऊक होता. त्यांनी तबकडी तिसावर आणली. रेषा तशाच फाटलेल्या. मग त्यांनी तबकडी हळूहळू फिरवत नेली, साठ, नव्वद, एकशे वीस, आणि मनात म्हणत राहिल्या, कुठेही थांब, तिथे नको. दीडशेवर रेषा एकदम सरळ झाल्या, केसासारख्या बारीक आणि हिरव्यागार.

त्यांनी तीनदा मोजलं. फ्रेम गोल असती तर काच आतल्या आत फिरली असेल असं म्हणता आलं असतं. फ्रेम चौकोनी होती. चौकोनी फ्रेमही ताईला त्यांनीच निवडून दिली होती, तुझा चेहरा गोल आहे, चौकोनी शोभेल म्हणून.

चिठ्ठीवर त्यांनी नंबर लिहिला, कोनाच्या जागी दीडशे लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं याचं त्यांना वाईट वाटलं. चिठ्ठी काडीला बांधली. पण तो चष्मा डोळ्यांवर चढवून टाकीकडे बघितलं नाही. तेवढा एकच तसा राहिला.

पुढचे सहा दिवस चिमीने शब्द पाळला, विचारलं नाही. मावशी रोज बोलायला तोंड उघडायच्या आणि दुसरंच काहीतरी बाहेर पडायचं. साबण संपलाय. खालच्यांचा नळ गळतोय. एकदा तर म्हणाल्या, "चिमे, मला तुला एक सांगायचंय," आणि चिमी हातातलं ठेवून समोर येऊन बसली, तेव्हा म्हणाल्या, "तू बारीक झालीयेस." चिमीने ठेवलेलं परत उचललं. मग उठून गेली. घरात दोघी होत्या, पण चहाचं आधण मावशींनी दोन दिवस तिघींचं ठेवलं.

शिबिर शहराबाहेरच्या एका शाळेत होतं. हॉलच्या दाराला तीन पायऱ्या आणि खाली पटांगण. दरवर्षीप्रमाणे चिमी दाराशी टेबल टाकून नावं लिहीत होती. डॉक्टर डोळे तपासून नंबर देत, पोस्टमनकाका तो मोठ्याने पुकारत, मावशी ट्रेमधून जुळणारा चष्मा काढत. दुपारपर्यंत नव्वद जणांना चष्मे मिळाले. एका म्हाताऱ्याने बायकोकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "तू अशी दिसतेस होय?" बायको म्हणाली, "काढा तो. आधीच बरं होतं."

मग शाळेतच झाडलोट करणारी एक बाई आली. चाळिशीची, आयुष्यात चष्मा न लावलेली. पोस्टमनकाकांनी नंबर पुकारला आणि मावशींचा हात ट्रेमध्येच थांबला. उजव्या डोळ्याचा तोच. डाव्याचाही तोच. कोन तेवढा वेगळा, एकशे तीस.

"नाही आपल्याकडे," मावशी म्हणाल्या.

सेक्रेटरी चिठ्ठ्या वाचत मागेच उभे होते. "हा काय, आहे की. एकशे पन्नास." त्यांनी तपकिरी फ्रेम उचलली. "एकशे तीस, एकशे पन्नास, शेजारी शेजारीच राहतात. घाला हो ताई तुम्ही."

तो शब्द त्यांनी सहज उच्चारला. ते सगळ्याच बायकांना ताई म्हणत. बाईने चष्मा घातला, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बाई. अक्षरं दिसतात की." तिने मान खाली केली. "जमीन तेवढी जरा… कलल्यासारखी वाटते."

"नवा आहे ना," सेक्रेटरी म्हणाले. "चार दिवस घाला. सवय होईल."

"होईल की," बाई हसून म्हणाली. "सवय काय, कशाचीही होते."

"काढा तो," मावशी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण डॉक्टरांनी वळून बघितलं. बाईने भिऊन चष्मा काढून हातात दिला.

"मावशी, अहो, वीस अंशांचा तर प्रश्न आहे," सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. "काहीच नसण्यापेक्षा…"

"हा चष्मा मी केलाय." मावशी चष्म्याकडे बघत बोलत होत्या. "डावी काच उताणी धरून कापली. तिसाचे दीडशे झाले. दुसऱ्याला मोजायला दिला नाही, स्वतः मोजला नाही, घरचाच आहे म्हणून. जिच्यासाठी केला ती म्हणत होती, जमीन कलते. मी सांगितलं, सवय होईल. अकराव्या दिवशी जिन्यावरून पडली." त्या थांबल्या. "ताई माझी."

दाराशी चिमीचं पेन थांबलं होतं. रांगेतला माणूस आपलं नाव दुसऱ्यांदा सांगत होता आणि ती लिहीत नव्हती.

सेक्रेटरींना काही सुचेना. न्यायाधीशाचं काम करताना ते असेच उभे राहत, पण आज कुणी हसलं नाही. शेवटी ते त्या झाडलोट करणाऱ्या बाईला म्हणाले, "तुमचा नवीन करून देऊ आपण. तुमच्याच नंबराचा. नाटकाचा एक प्रयोग वाढवला की झालं." आणि मग हळूच, मावशींना, "तो मी मोजून घेईन. तुमच्याकडून, आणि मग आणखी एकाकडून."

चिमी उठून आली. मावशींना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि बोलावंच. तिने चष्मा त्यांच्या हातातून घेतला, काड्या उघडल्या आणि डोळ्यांवर चढवला. चिठ्ठी गालाशी लोंबत राहिली. ती वळून दाराकडे चालू लागली, एक हात भिंतीला लावून.

"चिमे, नको."

"तू खाली जाऊन उभी राहा."

मावशी पायऱ्या उतरून पटांगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर बघितलं. कपाळ तर ताईचंच होतं, आधीपासून. आता चौकोनी फ्रेम आली, पितळेचा ठिपका कानाजवळ चमकला, आणि पायरीच्या कडेशी ताई उभी होती. नऊ वर्षं मावशींनी तिला फक्त पाठीमागे ऐकलं होतं. अशी समोर, वर, खाली बघत उभी असलेली कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी खाली कुणीच नव्हतं.

"काय दिसतं?" मावशींनी विचारलं. इतकं सोपं होतं ते विचारणं.

"डावीकडे कलतेय सगळी जमीन. पायरी आहे असं वाटतं तिथे नाहीये." चिमीचा आवाज कोरडा होता. "कुठे आहे ते सांग."

"अजून खाली. बोटभर. घाई करू नको. हं, टेक."

तिने पाऊल टेकलं.

"आता दुसरी. ही जरा रुंद आहे. उजवीकडे सरक. तिथे नाही, उजवीकडे. हं."

रांगेतले लोक दाराशी येऊन बघत होते. पोस्टमनकाकांच्या हातात कुणाचा तरी नंबर तसाच होता. तिसऱ्या पायरीवर चिमीचा पाय हवेत चाचपडला, आणि मावशींनी दोन्ही हात पुढे केले. चिमीने त्यांची मनगटं घट्ट धरली आणि ती खाली उतरली.

तिने चष्मा काढला नाही. मनगटंही सोडली नाहीत. त्या काचांतून ती मावशींकडे बघत राहिली, आणि काचांमागचे डोळे मोठे आणि जरा तिरके दिसत होते, एकाच वेळी चिमीचे आणि कुणाचे तरी. मावशींना चष्म्याचं तोंड दुसरीकडे फिरवता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली नाही. जेवढा वेळ ते डोळे बघत होते तेवढा वेळ त्या तशाच, समोर, उभ्या राहिल्या.